हवामान बदलाचा सोलापूरकरांच्या जगण्यावर झालेला परिणाम मोजायचा कसा?

तुमचा प्रश्न असा आहे: एमएसडब्ल्यूचा (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध करताय, विषय हवामान बदल आणि सोलापूर परिसरातल्या लोकांचं जीवनमान. ६० प्रश्नांचा गुगल फॉर्म तयार आहे, मे महिन्यात २०० लोकांकडून भरून घ्यायचाय, गाईड म्हणतात डब्ल्यूएचओची स्केल वापरा, आणि शेवटी "हवामान बदलामुळे जीवनमान इतके टक्के घटलं" असा एक आकडा हवाय.

शेवटचं आधी सांगतो. असा एक आकडा निघत नाही, आणि कुणी काढून दिलाच तर त्याला हिशेब विचारा. पण त्याच्या जवळपासचं, माझ्या मते जास्त कामाचं असं काहीतरी नक्की निघतं आणि तेही विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये. मी सोलापूर शहरात आणि तालुक्यांत आरोग्य आणि पाणी या विषयांवर सर्व्हेचं काम बरीच वर्षं करतोय, तेवढ्यावरून लिहितोय, त्यामुळे इथली उदाहरणं जास्त येतील.

पहिलं काम म्हणजे तुमच्या फॉर्ममधला तो प्रश्न काढून टाका, "हवामान बदलामुळे तुमच्या जीवनावर परिणाम झाला असे वाटते का? खूप / थोडा / नाही". मे महिन्यात सोलापुरात हा प्रश्न विचारल्यावर "खूप" सोडून दुसरं उत्तर कोण देणार? आणि मुद्दा तेवढाच नाही. या प्रश्नात तुम्ही तुमचं सगळं विश्लेषण समोरच्या माणसाच्या गळ्यात घालताय. त्यानं आधी आपलं जगणं किती बदललं ते ठरवायचं, मग त्यातला हवेमुळे किती आणि महागाईमुळे किती ते ठरवायचं, मग हवेतला नेहमीचा उन्हाळा किती आणि हवामान बदल किती तेही, आणि हे सगळं दारात उभं राहून, गॅसवर दूध ठेवलेलं असताना. हे शास्त्रज्ञांना जड जातं, त्या माऊलीनं का करावं? लोकांना फक्त त्यांच्या जगण्याबद्दल विचारा, हवा वेगळी मोजा, दोन्हीची सांगड तुम्ही घरी बसून लॅपटॉपवर घाला. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

सांगड घालताना कुठं घसरायला होतं ते सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणावरून बघा. सोलापुरात कुणालाही विचारा, पाणी चार-पाच दिवसांआड येतं हे पहिलं गाऱ्हाणं असतं. आता हे हवामान बदलाच्या खात्यात टाकायचं का? २०२३ ला पाऊस कमी झाला, धरण भरलंच नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेलं. (ज्यांना हे वजा प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा आणि ५३ च्या आसपास उपयुक्त. उपयुक्त संपलं की मृतसाठ्यातून उचलायला लागतात आणि तो उपसा उपयुक्त साठ्याच्या टक्केवारीत वजा म्हणून सांगतात, म्हणजे वजा साठ म्हणजे मृतसाठ्यातलं बत्तीसेक टीएमसी गेलं.) मग त्याच २०२४ च्या पावसाळ्यात धरण भरलं. भरल्यावर नळाला रोज पाणी आलं का? तुम्ही सोलापूरचे आहात, उत्तर तुम्हाला माहितीये. म्हणजे पाण्याच्या त्रासात पावसाचा वाटा आहे, ऊस किती लावला त्याचा आहे, पाणी कधी आणि कुणासाठी सोडलं त्याचा आहे, पाइपलाइनचा आहे, आणि हद्दवाढ भागात टाकी कुठं बांधली त्याचाही आहे. फक्त "पाण्याचा त्रास होतो का" एवढंच विचारून जे येईल ते हवामानाच्या नावावर टाकलं तर महापालिकेची आयती सुटका होते, आणि तुमचा व्हायवा घेणारा माणूस जरा जरी जागा असला तर तिथंच पकडेल.

आता हवेकडे येऊ. हवामान बदल म्हणायचा तर निदान तीस वर्षांचा हिशेब लागतो, जागतिक हवामान संघटनासुद्धा सरासरी तीस वर्षांची धरते. तुमचा सर्व्हे एका वर्षाचा. त्यामुळे तुम्ही जे मोजणार तो उष्णतेचा, पावसाचा, पुराचा परिणाम, हवामान बदलाचा थेट नाही. हे प्रबंधात पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहा, त्यानं काम कमी दर्जाचं होत नाही. हवामान बदलाचा धागा दुसरीकडून जोडायचा: हवामान खात्याचा जुना डेटा आहे, तो पुण्याच्या कार्यालयाच्या साइटवरून फुकट उतरवता येतो, पावसाचा १९०१ पासून अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटीत आणि तापमानाचा १९५१ पासून एक अंशाच्या चौकटीत. पाव अंश म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, तालुक्याच्या कामाला ठीक. एक अंश म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे अक्कलकोट आणि मोहोळ वेगळे करायला त्याचा उपयोग नाही, पण चाळीसच्या वरचे दिवस वर्षाला किती होते आणि आता किती आहेत, रात्रीचं किमान तापमान वाढतंय का, दोन पावसांमधला खंड लांबतोय का, एवढं निघतं. देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये साधारण ०.७ अंशानं वाढलं असं केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे, पण तो आकडा उचलून सोलापूरला चिकटवू नका, इथला तुम्ही स्वतः काढा. मंडळनिहाय पावसासाठी महावेध या सरकारी प्रकल्पाची हवामान केंद्रं आहेत, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा निकष महसूलवालेही वापरतात, तोच ठेवा.

एवढं झालं तरी एक भोक राहतं. हवामान खात्याचं तापमान हे सावलीत, जाळीच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर मोजलेलं असतं, आणि ते तसंच मोजायला पाहिजे, त्याशिवाय गावोगावची तुलना कशी होणार. पण तुमचा माणूस त्या पेटीत राहत नाही. पेपरात ४२ आलं म्हणून सगळ्या सोलापूरला ४२ चा उन्हाळा मिळाला असं नसतं. पत्र्याची खोली दुपारी दोनला बाहेरच्यापेक्षा जास्त तापते पण रात्र पडली की भराभर उतरते. स्लॅबचं घर दुपारी बरं वाटतं, आणि दिवसभर प्यालेलं ऊन रात्री बारा-एकपर्यंत खाली सोडत बसतं. गावात जी थोडीफार माळवदाची घरं उरलीत ती जाड मातीच्या छतामुळे दोन्ही वेळेला सगळ्यात सुसह्य, आणि आपण ती पाडून घरकुलात स्लॅब घालतोय ही गंमत वेगळीच. सांगायचं काय, तर घरी बसून दिवसा काम करणाऱ्या बाईला पत्रा मारतो आणि रात्रपाळी करून किंवा दिवसभर राबून रात्री झोपू बघणाऱ्याला स्लॅब मारतो. छताचा प्रश्न फॉर्ममध्ये नसेल तर बाकीचे साठ प्रश्न विचारून काही हाती लागणार नाही.

जमलं तर तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे छोटे लॉगर घ्या, काडेपेटीएवढे असतात, कॉलेजच्या पर्यावरण किंवा भूगोल विभागाकडे उसने मिळतात का बघा. दहा-पंधरा असले तरी पुष्कळ. लावायच्या आधी सगळे एका खोलीत एकत्र एक रात्र ठेवा आणि कोणता किती जास्त-कमी दाखवतो ते लिहून घ्या, स्वस्तातले लॉगर आपापसात अर्धा-एक अंश इकडेतिकडे असतात आणि नंतर तोच फरक तुम्ही घराघरातला फरक म्हणून छापाल. घरात लावताना झोपायच्या उंचीला, भिंतीला न चिकटवता, उन्हाची तिरीप येणार नाही आणि शेगडी जवळ नसेल अशा जागी टांगा, अर्ध्या तासाला एक नोंद पुरते. घरच्यांना हे काय आहे ते नीट सांगा. कॅमेरा समजून कपाटात ठेवलेले लॉगर मी बघितलेत, त्या घराचं तापमान कागदावर फारच सुखाचं दिसतं.

आता जीवनमान. तुमच्या गाईडनी सांगितलेली डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ चांगली आहे, २६ प्रश्न, चार भाग: शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध आणि परिसर. वापरा, पण तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळून. परिसर या भागात आठ प्रश्न आहेत, त्यात सुरक्षितता, पैसा, माहिती, करमणूक, घर, दवाखाना, वाहतूक असं सगळं येतं आणि हवा-प्रदूषण-आवाज वगैरेंचा भौतिक परिसराचा प्रश्न एकच. म्हणजे उन्हाळ्यात झोप उडाली, पाण्यासाठी पहाटे उठायला लागलं, मजुरी बुडाली, हे सगळं त्या एका प्रश्नातून आणि इकडच्या-तिकडच्या दोन-चार प्रश्नांतून झिरपून यायचं. शिवाय ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. मेमध्ये विचाराल तर मे कळेल, वर्ष नाही.

त्याहून मोठी अडचण ही की माणूस सवय करून घेतो. समाधान विचारलं की लोक आपल्या अपेक्षेशी तोलून सांगतात आणि इथल्या लोकांनी अपेक्षाच आवरून घेतल्यात. एक उदाहरण देतो. सोलापूर शहराच्या पूर्व भागातली एक विडी कामगार बाई, पन्नाशीची, तेलुगू घरातली, पत्र्याची खोली. उन्हाचा त्रास होतो का? "नाही हो, सवय आहे, चाललंय." घराबद्दल समाधानी? "समाधानीच म्हणायचं." फॉर्मवर पाचपैकी चार. मग मी फॉर्म बाजूला ठेवून कालचा दिवस विचारला. पाणी येणार होतं म्हणून चारला उठल्या. ऊन चढायच्या आत म्हणून साडेपाचला वळायला बसल्या, अकरापर्यंत ठीक. त्यानंतर भिजवलेली पानं ओल्या फडक्यात असूनही वाळायला लागतात, वळताना फाटतात, फाटलेली गेली की छाट वाढते आणि कारखान्यात मोजून घेताना तेवढी कापली जाते. फॅन? फॅन लावला की सुपातली तंबाखू उडते, म्हणून बंद. एरवी दिवसाला हजार व्हायच्या तिथं आता सातशेच्या वर जात नाहीत आणि मजुरी मिळते हजार विड्यांमागे. दुपारी डोकं धरून पडल्या, रात्री गच्चीवर गेल्या, तिथं डास, एकला झोप लागली. आता सांगा, चार मार्कांच्या समाधानात यातलं काय आलं?

म्हणून माझा आग्रह असतो की "कसं वाटतं" हे विचारा जरूर पण त्याच्या शेजारी "काय केलं" हे ठेवाच. कालचा दिवस पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासानं. सरकारचा टाइम यूज सर्व्हे, २०१९ ला झाला आणि २०२४ ला झाला, तो असाच चार ते चार घेतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण झोपेचे तास, पाण्याचे तास, कामाचे तास, दुपारी नुसतं पडून गेलेले तास, सगळं बाहेर येतं आणि कुणाला मत द्यावं लागत नाही. फक्त काल लग्न होतं, सण होता, आजारपण होतं तर ते लिहून घ्या.

आणि लोकांच्या आठवणीवर भार टाकण्याआधी त्यांच्या घरातले कागद बघा. विडी कामगारांचं लॉगबुक असतं, त्यात किती विड्या दिल्या ते चढवलेलं असतं, महिन्यांमागून महिन्यांचं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट दिसतात, कूलर कधी सुरू झाला ते तिथं कळतं. मेडिकलची बिलं, टँकरचे आणि जारचे हिशेब बचत गटाच्या वहीत. टॉवेल कारखान्यातल्या माग कामगारांचे हजेरी कार्ड. या कागदांनासुद्धा डोळे झाकून मानू नका हं. लॉगबुकात मे महिना कमी दिसला तर तो उन्हामुळे की त्या महिन्यात कारखान्यानंच पानं कमी दिली, हे विचारायलाच लागतं, एका ओळीत लिहून ठेवा, विश्लेषणाच्या वेळी तीच ओळ वाचवते.

पाण्यासाठी वेगळं काही बनवत बसू नका, घरगुती पाणी असुरक्षिततेची एक १२ प्रश्नांची स्केल आहे, एचडब्ल्यूआयएसई नावाची, २०१९ ला आली. मागच्या चार आठवड्यांत पाण्याची काळजी वाटली का, पाण्यामुळे बेत बदलायला लागला का, हात धुवायला पुरलं नाही असं झालं का, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते ३६, १२ आणि वर म्हणजे असुरक्षित. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ही फार नेमकी बसते, कारण नळ आहे का या प्रश्नाला सोलापूर "हो" म्हणतं आणि तिथंच सरकारी टेबल संपतं.

मानसिक ताणाचे प्रश्न घालताय असं दिसलं, पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची यादी. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे. एखाद्या शेतकऱ्यानं द्राक्षबाग गेल्यावर त्याला "हो" म्हटलं तर तुम्ही त्याच क्षणी काय करणार हे ठरलेलं नसेल तर तो प्रश्न विचारू नका. जवळचा सरकारी दवाखाना, तिथल्या समुपदेशकाशी आधी बोलणं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कागदावर, आणि त्या माणसाला एकटं सोडून पुढच्या घरी न जाणं, एवढी तयारी असेल तरच. नसेल तर डब्ल्यूएचओचीच पाच प्रश्नांची वेलबीइंगची छोटी यादी आहे, ती बरी.

आता "मे महिन्यात एकदा" या तुमच्या बेताबद्दल, कारण खरा घोळ इथं आहे. एकदाच विचारलं तर तुमच्याकडे फोटो आला, बदल नाही. तीच घरं पुन्हा विचारा: एकदा जानेवारीत गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर, एकदा मेच्या मध्यात, जमलं तर एकदा ऑक्टोबरमध्ये. पण जानेवारी आणि मे यांतला सगळा फरक उन्हाचा नसतो, मेमध्ये पोरं घरी असतात, लग्नसराई असते, कर्ज काढलेली असतात, रानातलं काम संपलेलं असतं. म्हणून दोन गट ठेवा, एक जास्त उन्हात सापडलेला आणि एक कमी, म्हणजे उदाहरणार्थ त्याच पेठेत तेच काम करणारी पत्र्याखालची घरं आणि स्लॅब किंवा माळवदाखालची घरं. मग पत्र्याखाली जानेवारी ते मे किती घसरण झाली, दुसऱ्या गटात किती झाली, आणि या दोन घसरणींमधला फरक, हा तुमचा आकडा. लग्नसराई दोघांनाही होती, महागाई दोघांनाही होती, ती वजा झाली. हे शंभर टक्के निर्मळ नसतं, पत्र्याखाली राहणारा बहुतेक वेळा गरीबही असतो आणि गरिबाला तेच ऊन जास्त लागतं, पण ते लपवायचं कशाला, उत्पन्नाचे दोन-तीन प्रश्न घ्या आणि वेगळं करून दाखवा.

पूरग्रस्त गावात जाणार असाल तर वेगळी काळजी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, माढा, मोहोळ, उत्तर-दक्षिण सोलापूरच्या काठच्या गावांत पाणी शिरलं. अशा गावात हातात फॉर्म घेऊन शिरलेला माणूस पंचनाम्याचाच असतो, लोकांची चूक नाही. "यादीत नाव घ्या" म्हणतात आणि नुकसानाचा आकडा त्या हिशेबानं येतो, तर ज्यांना भरपाई मिळालीय ते उलट कमी सांगतात की पुन्हा चौकशी नको. सुरुवातीलाच सांगा की यातून भरपाई मिळणार नाही, ग्रामसेवकाला किंवा तलाठ्याला सोबत घेऊन फिरू नका, आणि नुकसानीचा प्रश्न शेवटी ठेवा. तारखा विचारू नका, लोकांना तारखा लक्षात राहत नाहीत. पोळ्याच्या आधी की नंतर, आषाढीला रान कोरडं होतं का, हुरड्याला पाऊस लागला होता का, असं विचारलं की बरोबर सांगतात. अशी एक सणावारांची आणि घडामोडींची पट्टी आधीच करून ठेवा.

आणि कुलूपबंद घरं मोजा. सांगोला, मंगळवेढ्याच्या कोरड्या पट्ट्यात दुष्काळात जे सगळ्यात जास्त पोळले ते ऊसतोडीला किंवा पुण्याला गेलेले असतात, मागे राहतात ते त्यातल्या त्यात तग धरलेले. तुम्ही सापडलेल्या माणसांनाच विचारलं तर गाव कागदावर चांगलं निघतं. कुलूप दिसलं की शेजाऱ्याला चार प्रश्न, कोण गेलं, कधी, कशासाठी, परत येतात का. ही संख्या हाच एक मोठा निष्कर्ष असतो. याच कारणासाठी गुगल फॉर्म नको, लिंक पाठवून भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये जुळे सोलापूर भरभरून येईल आणि साखर पेठेतली विडीवाली येणारच नाही. दारात जा, आणि पूर्व भागात तेलुगू बोलणारी, अक्कलकोटकडे कानडी बोलणारी मैत्रीण सोबत घ्या.

एकच निर्देशांक पाहिजे असा आग्रह गाईडनी धरला तर? मला व्यक्तिशः तो आवडत नाही, झोप घसरली आणि कर्ज कमी झालं तर बेरीज शून्य येते आणि कुणाचंच काही कळत नाही. पण करायचाच असेल तर कशाला किती वजन द्यायचं हे तुम्ही ठरवू नका. बायकांचा गट बसवा, पाच चित्रं ठेवा, पाणी, झोप, मजुरी, तब्येत, पोरांची शाळा, प्रत्येकीला दहा शेंगदाणे द्या आणि जे जास्त महत्त्वाचं त्यावर जास्त ठेवायला सांगा. ठेवताना ज्या वादावादी होतात त्या लिहून घ्या, आकड्यांपेक्षा त्याच उपयोगी पडतात. पुरुषांचा गट वेगळा बसवा. शेंगदाणे थोडे जास्तीचे न्या, मध्येच खाल्ले जातात.

आजारपण आणि मृत्यूचा भाग घेतलाच तर उष्माघाताच्या नोंदींवर विसंबू नका, उन्हानं दगावलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कागदावर हृदयविकार लिहिलेला असतो. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेनंतर अभ्यासकांनी सगळ्या कारणांचे मृत्यू घेऊन एरवीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले तेव्हा १,३४४ जास्तीचे मृत्यू निघाले, आणि त्यातूनच २०१३ चा तिथला हीट अॅक्शन प्लॅन आला. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडून रोजचे नुसते आकडे मागता येतात, नावं नकोत. पण एमएसडब्ल्यूच्या प्रबंधाला एवढं लागत नाही, वेळ उरला तरच.

राहिलं २०० चं. २०० पुरतील का हे तुम्ही ते कसे निवडता त्यावर आहे. दहा वस्त्यांतून वीस-वीस घेतले तर एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात, तेच पाणी, तेच छत, तोच ठेकेदार. हा सारखेपणा ० ते १ च्या मापावर ०.०५ धरला तर २०० ला १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५ नं भागायचं, म्हणजे तुमचे २०० हे साधारण १०३ सुट्या माणसांइतके. त्यापेक्षा वीस वस्त्यांतून दहा-दहा घ्या, पायपीट वाढते पण तेच २०० मग १३८ च्या मोलाचे होतात. तीच घरं पुन्हा विचारण्याचा फायदा इथंही आहे, त्याच माणसाच्या दोन वेळांतला मध्यम-लहान फरक पकडायला नव्वदच्या आसपास जोड्या लागतात, वेगवेगळी माणसं घेतली तर प्रत्येक गटात पावणेदोनशे. दोन गटांच्या घसरणींची तुलना त्याहून जास्त मागते, तिथं २०० मध्ये मोठा फरकच दिसेल, बारीक नाही, आणि हे प्रबंधात लिहून टाका. मेपर्यंत दहातली दीड-दोन घरं गळतात, कुणी गावाला, कुणी कंटाळून, तेवढी जानेवारीत जास्तीची घ्या. साठ प्रश्नांचे पस्तीस करा, कालचा दिवस त्यात धरून पाऊण तासाच्या आत संपलं पाहिजे.

सुधारलेली यादी तयार झाली की टाका इथंच, बघून सांगतो. छपाई करण्याआधी आठ-दहा घरांत चालवून बघा मात्र, आणि तेही दुपारी दोन ते चारमध्ये, कारण मेमध्ये तुम्हाला त्याच वेळेला दार वाजवावं लागणार आहे.